ब्रेन मॅपिंग: रंगीत नकाशा उघडण्याआधीची कामे

ब्रेन मॅपिंगचा रिपोर्ट हातात पडला की वाचणारा आधी लाल डाग शोधतो. लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी, आणि लाल तिथे बिघाड, अशी सरळ समजूत. मग विचारणा होते, 'माझ्या मेंदूच्या उजव्या बाजूला लाल का आलंय?' मी आधी उलट विचारतो, 'नोंद चालू असताना दात आवळले होते का?' समोरच्याला थट्टा वाटते. पण कानशिलावरचा लाल डाग पुष्कळदा जबड्याच्या स्नायूचा असतो, मेंदूचा त्यात काही हात नसतो.

चूक नकाशा वाचण्यात कमी आणि त्याच्या कितीतरी आधी जास्त होते. केसांत, खुर्चीत, झोपेत, तुकडे निवडण्यात. सॉफ्टवेअर यातल्या कशाबद्दलही तक्रार करत नाही. त्याला जे द्याल ते तो तितक्याच ठळक रंगांत रंगवून देतो. म्हणून खाली सगळी प्रक्रिया क्रमाने मांडली आहे. नोंद घेणाऱ्याने ती पूर्ण वाचावी. ज्याची नोंद घेतली जाणार आहे त्याने निदान दुसरा, सहावा आणि दहावा टप्पा वाचून जावा.

इथे ब्रेन मॅपिंग म्हणजे क्यूईईजी. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, घ्यायची, त्यातला स्वच्छ भाग वेगळा काढायचा, कोणत्या वारंवारितेची ताकद कुठे किती आहे हे गणिताने काढायचे आणि ते डोक्याच्या गोल आकृतीवर रंगवायचे. यंत्र डोक्यात वीज सोडत नाही. ते फक्त टाळूवर पोचणारे काही मायक्रोव्होल्टचे चढउतार टिपते. लहरींचा वेग हर्ट्‌झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती लहरी असा मोजतात, आणि वेगानुसार त्यांना नावे आहेत: सर्वांत संथ डेल्टा, मग थीटा, अल्फा, बीटा आणि सर्वांत जलद गॅमा.

## टप्पा १: आधी प्रश्न लिहा

कागदावर एका वाक्यात प्रश्न लिहिल्याशिवाय टोपीला हात लावू नका. 'मेंदू कसा चालतो ते बघायचंय' हा प्रश्न होत नाही. 'डोळे मिटल्यावर मागच्या भागातली अल्फा लय किती हर्ट्‌झची आहे आणि डोळे उघडल्यावर ती दबते का' हा प्रश्न झाला. 'सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर त्याच माणसाच्या नोंदीत काही फरक पडला का' हाही झाला.

या तंत्राला काय जमते? जागेपणाची पातळी, लयींचा वेग, डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक, डोळे उघडणे-मिटणे यांना मेंदू कसा प्रतिसाद देतो, आणि एकाच व्यक्तीच्या दोन नोंदींमधला बदल. काय जमत नाही? विचार वाचणे, बुद्धी मोजणे, स्वभाव सांगणे. खोल भागांतली हालचालही टाळूवरून नीट दिसत नाही. वरच्या थरातल्या साधारण ६ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या पट्ट्यातल्या पेशी एका तालात आल्या तरच टाळूवर वाचण्याजोगी लहर उमटते. त्यामुळे एखादा बारीक ठिपका दाखवून 'भीतीचे केंद्र इथे पेटले आहे' असे कोणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

नकाशावरून आजाराचे नाव ठरवायलाही जाऊ नका. लक्ष न लागणाऱ्या मुलांमध्ये थीटा आणि बीटा यांचे गुणोत्तर पाहण्याची पद्धत बरीच गाजली. पण अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१६ साली स्पष्ट सांगितले की हे गुणोत्तर प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

इशारा: झटके येणे, मध्येच भान हरपणे, अचानक बोलणे अडखळणे, एका बाजूला बधिरपणा, यांपैकी काही असेल तर मॅपिंगच्या वाटेला जाऊ नका. थेट मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. त्याला लागतो तो साधा वैद्यकीय ईईजी, आणि तो तज्ज्ञाने डोळ्यांनी वाचायचा असतो. अपस्माराची अणकुचीदार लहर क्षणभर येऊन जाते. मॅपिंगच्या सरासरीत ती सहज विरघळते आणि नकाशा निर्दोष दिसतो.

## टप्पा २: आदल्या दिवसाची तयारी

झोप. नेहमी जितकी घेता तितकी पूर्ण घ्या. अपुऱ्या झोपेनंतर माणूस खुर्चीत डोळे मिटून बसला की दोन-तीन मिनिटांत पेंगायला लागतो. अल्फा तुटक होते, थीटा वाढते. नकाशात ते 'मंद लहरींचे आधिक्य' म्हणून दिसते आणि रिपोर्टमध्ये त्याला भारदस्त नाव मिळते. काही वैद्यकीय ईईजीसाठी मुद्दाम जागरण करायला सांगतात. मॅपिंगसाठी ती सूचना लागू नाही. दोन्हींची गल्लत करून रात्रभर जागून आलेली माणसे मी पाहिली आहेत.

केस. आदल्या रात्री किंवा सकाळी साध्या शाम्पूने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. तेल, कंडिशनर, जेल, स्प्रे यांतले काहीही नको. तेलाचा थर इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्ये बसतो, आणि तिथून पुढची अर्धी कसरत वाया जाते. घट्ट वेण्या, पिना, कानातले काढून या.

चहा-कॉफी. कॅफिनमुळे अल्फाची ताकद घटू शकते. शरीरातले निम्मे कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा नोंदीच्या दिवशी सकाळपासून टाळलेले बरे. मात्र रोज पाच कप पिणाऱ्याने एकदम बंद केले तर डोके दुखते आणि पेंग येते. तेही नोंदीत उतरते. अशा माणसाने नेहमीसारखे घ्यावे आणि किती वाजता किती घेतले ते लिहून द्यावे. पुढची नोंदही तशीच घ्यावी. उपाशी येऊ नका.

औषधे. चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला, हे लिहून आणा. झोपेच्या आणि चिंतेवरच्या बेन्झोडायझेपाइन गटातल्या गोळ्यांनी बीटा वाढते, विशेषतः पुढच्या भागात. हे वाचणाऱ्याला माहीत नसेल तर तो त्या बीटालाच 'अतिचिंता' म्हणून मोकळा होईल.

इशारा: नोंद 'स्वच्छ' यावी म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका. काही औषधे एकदम थांबवल्याने झटके येऊ शकतात. बंद करायचे की नाही हे फक्त लिहून देणाऱ्या डॉक्टरने ठरवायचे.

पूर्वीचा इतिहास. वय, डावखुरे की उजवे, डोक्याला मार, शस्त्रक्रिया. कवटीला पूर्वी छिद्र पाडले असेल किंवा तिचा तुकडा काढलेला असेल तर त्या जागी लहरी जास्त उंच आणि टोकदार दिसतात, कारण सिग्नल दाबणारे हाड तिथे नसते. एका ओळीची ही माहिती दिली नाही तर पुढे पानभर चुकीचा अर्थ लागतो.

## टप्पा ३: खोली, खुर्ची, यंत्र

मानेला आधार देणारी खुर्ची घ्या. हे मी सगळ्यांत आधी सांगतो, कारण सगळे यंत्राच्या किमतीवर चर्चा करतात आणि खुर्ची मात्र जी मिळेल ती. मान अधांतरी राहिली की मानेचे स्नायू ताणलेले राहतात आणि डोक्याच्या मागच्या बाजूला, नेमकी जिथे अल्फा पाहायची तिथे, स्नायूंची कुरकुर मिसळते.

खोली शांत, उजेड मंद आणि स्थिर, तापमान असे की घाम येऊ नये. घामाने रेषा संथपणे वरखाली तरंगते आणि ती तरंगलहर डेल्टात मोजली जाते. मोबाइल खोलीबाहेर ठेवा. इलेक्ट्रोडच्या वायर विजेच्या वायरीजवळून नेऊ नका आणि त्यांचे वेटोळे करून ठेवू नका. लॅपटॉप शक्यतो बॅटरीवर चालवा.

यंत्राबद्दल थोडक्यात. पूर्ण नकाशासाठी टाळूवर किमान १९ जागा हव्यात. कपाळावर बांधायच्या चार सेन्सरच्या पट्टीवरून संपूर्ण डोक्याचा नकाशा काढून देणारे अॅप उरलेला भाग कल्पनेने रंगवते. सॅम्पलिंग, म्हणजे प्रत्येक जागेचे मोजमाप, सेकंदाला २५६ वेळा किंवा त्याहून जास्त ठेवा. फिल्टर नोंद घेताना कमीत कमी लावा, नंतर पाहताना हवे तसे लावता येतात. नोंदीच्या वेळीच कापून टाकलेले परत येत नाही.

## टप्पा ४: माप घ्या, मग टोपी चढवा

टोपी आहे म्हणून मोजमाप नको, ही नेहमीची चूक. टोपी पुढे दीड सेंटिमीटर सरकली की सगळे १९ इलेक्ट्रोड चुकीच्या जागी जातात, आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नसतो.

इलेक्ट्रोडच्या जागा १०–२० नावाच्या पद्धतीने ठरवतात. तीत अंतरे सेंटिमीटरने ठरलेली नसतात, डोक्याच्या मापाच्या टक्क्यांनी ठरतात. नाकाच्या मुळाशी दोन डोळ्यांच्या मधला खळगा हा पुढचा बिंदू. डोक्याच्या मागे, मान सुरू होते तिथे बोटाला लागणारा हाडाचा उंचवटा हा मागचा. दोन्हींमधले अंतर टाळूवरून फीतीने मोजा. समजा ते ३६ सेंटिमीटर आले. तर पुढच्या बिंदूपासून १० टक्के, म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर कपाळाची मध्यरेषा, आणि बरोबर निम्म्यावर, १८ सेंटिमीटरवर सीझेड, म्हणजे डोक्याचा माथा. मग एका कानापुढच्या खळग्यापासून माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंत मोजा. सीझेड त्याही अंतराच्या निम्म्यावर आला पाहिजे. तिथे पेन्सिलने खूण करा आणि टोपीचा सीझेड त्या खुणेवर बसवा.

नावांची खूणगाठ सोपी आहे: विषम आकडे डावीकडे, सम उजवीकडे, 'झेड' मधल्या रेषेवर. एफ पुढे, सी मध्ये, पी त्यामागे, ओ अगदी मागे, टी कानशिलांवर. जुन्या यादीतले टी३ आणि टी४ नव्या यादीत टी७ आणि टी८ असतात, तर टी५ आणि टी६ यांना पी७ आणि पी८ म्हणतात. दोन वेगवेगळ्या यंत्रांवरचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'टी३ गायब आहे' म्हणून गोंधळलेले लोक भेटतात, म्हणून सांगितले.

तपासा: समोरून पाहा, टोपी तिरकी नाही ना. हनुवटीचा पट्टा इतका घट्ट नको की जबडा आवळला जाईल.

## टप्पा ५: जेल आणि इम्पिडन्स

प्रत्येक छिद्रातून केस बाजूला सारा, त्वचेवर तयारीची पेस्ट हलक्या हाताने फिरवा आणि मग जेल भरा. त्वचा ओरबाडायची नाही. वरचा मृत, तेलकट थर हलला की पुरे. आधी ग्राउंड (यंत्राला लागणारा सामाईक इलेक्ट्रोड) आणि कानांचे रेफरन्स (ज्यांच्याशी तुलना करून बाकीच्या जागा मोजतात ते इलेक्ट्रोड) नीट बसवा. तेच सैल असतील तर सगळ्या १९ रेषा एकदम बिघडतात, आणि नवशिका एकेक इलेक्ट्रोड दुरुस्त करत अर्धा तास घालवतो.

इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये विजेला होणारा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आणा. नव्या अॅम्प्लिफायरना १० पर्यंत चालते. मला आकड्याइतकीच समानता महत्त्वाची वाटते. डावीकडे ३ आणि उजवीकडे १५ अशी स्थिती असेल तर डाव्या-उजव्या तुलनेचा भरवसा उरत नाही. विजेची ५० किंवा ६० हर्ट्‌झची गुणगुणही अशा असमान जोडीतच जास्त शिरते.

इशारा: जेल जास्त झाले की ते शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत पसरते आणि दोन जागा आतून एक होतात. इम्पिडन्स अशा वेळी छान कमी दिसतो, म्हणून ही चूक पकडली जात नाही. ओळखायची खूण अशी: शेजारच्या दोन रेषा हुबेहूब सारख्या, आणि त्यांच्यातला फरक दाखवणारी रेषा जवळजवळ सपाट. तसे झाले तर मधले जेल पुसा आणि पुन्हा बसवा.

## टप्पा ६: नोंद

नोंद सुरू करण्याआधी पाच मिनिटे समोरच्याला त्याच्याच रेषा पडद्यावर दाखवा. पापणी मिटायला सांगा, दात आवळायला सांगा, डोळे डावी-उजवीकडे फिरवायला सांगा, कपाळाला आठी घालायला सांगा. आपल्या जबड्याने पडद्यावर काय धुमाकूळ होतो हे एकदा पाहिले की माणूस आपणहून सैल बसतो. 'हलू नका' असे दहा वेळा बजावून हे साधत नाही, उलट माणूस आणखी ताठरतो. शिवाय या नमुन्यांची नोंद ठेवली तर पुढे सफाईच्या वेळी ताडून पाहायला उपयोगी पडते.

मग क्रम असा ठेवा.

१. डोळे उघडे, ५ ते १० मिनिटे. समोर भिंतीवर एक ठिपका लावा आणि नजर सैलपणे तिथे ठेवायला सांगा. पापणी मारायला मनाई नको. रोखून धरली की डोळ्यांभोवतीचे स्नायू ताणतात.

२. डोळे मिटलेले, ५ ते १० मिनिटे. बुबुळे आत भिरभिरत असतील तर पापण्यांवर हलकेच कापसाचे बोळे किंवा स्वतःची बोटे ठेवायला सांगा.

३. शेवटी उघड-मीट. दहा सेकंद उघडे, दहा सेकंद मिटलेले, असे पाच-सहा वेळा.

काही जण मिटलेल्या डोळ्यांपासून सुरुवात करतात. तेही चालते, फक्त त्याच माणसाच्या पुढच्या प्रत्येक नोंदीत तोच क्रम ठेवा. सगळी पथ्ये पाळून दहा मिनिटांतले तीन-चार मिनिटे स्वच्छ मिळाले तरी हात चांगला बसला म्हणायचा.

नोंद चालू असताना पडद्यासमोरून उठू नका. खोकला, आवंढा, दाराचा आवाज, खुर्चीतली हालचाल, प्रत्येकाची त्या त्या क्षणी खूण करा. पेंग येण्याची पहिली चाहूल अशी: मागची अल्फा तुटक होते आणि पुढच्या कडेच्या इलेक्ट्रोडवर बुबुळांची संथ, लोळणारी लहर दिसते. दिसताच हळू आवाजात बोलून जागे करा, वेळ टिपा. तो भाग विश्रांतीच्या जागेपणात धरायचा नाही.

## टप्पा ७: कच्ची नोंद डोळ्यांनी वाचा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. बहुतेक जण नेमका हाच गाळतात, कारण सॉफ्टवेअरमध्ये 'ऑटो क्लीन' नावाचे बटण असते.

रेषा पडद्यावर एका वेळी दहा सेकंद अशा पसरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. पहिला प्रश्न: मागच्या भागात, ओ१ आणि ओ२ वर, डोळे मिटल्यावर अल्फा येते का आणि उघडल्यावर दबते का? जाग्या प्रौढात ती साधारण ८.५ ते १३ हर्ट्‌झमध्ये असते, बहुतेकांत १० च्या आसपास. पूर्ण जागेपणी ८ च्या खाली असेल तर कोणत्याही वयाच्या प्रौढात ते दखलपात्र आहे. मुलांत मोजपट्टी वेगळी: तिसऱ्या वर्षी सुमारे ८, नवव्या वर्षी ९, पंधराच्या आसपास १०. सहा वर्षांच्या मुलाच्या नोंदीतली थीटा पाहून प्रौढाच्या नजरेने दचकू नका.

उजवीकडची अल्फा डावीपेक्षा थोडी उंच असणे नेहमीचे आहे. फरक ५० टक्क्यांच्या वर गेला तर आधी इलेक्ट्रोडचे अंतर पुन्हा मोजा, मग पुढचे बोला. काही निरोगी माणसांत अल्फा जेमतेम दिसते, आणि तोही दोष नाही.

आता घुसखोर ओळखा.

पापणी. कपाळावरच्या एफपी१ आणि एफपी२ वर मोठा, गोलसर उंचवटा, बहुधा १०० मायक्रोव्होल्टच्या पुढचा. डोळ्याचा पुढचा भाग मागच्यापेक्षा धनभारित असतो आणि पापणी मिटताना बुबुळ वर वळते, त्यातून हा उठतो. नकाशात तो कपाळावरची डेल्टा बनून येतो.

बुबुळांची आडवी हालचाल. एफ७ आणि एफ८ वर एकाच क्षणी एक रेषा वर, दुसरी खाली.

स्नायू. दाट, काटेरी, झाडूच्या काड्यांसारखी रेषा. कानशिलावर जबड्याची, कपाळावर आठ्यांची, मागे मानेची. तिचा पसारा २० हर्ट्‌झच्या पुढे सुरू होतो, म्हणजे बीटा आणि गॅमा दोन्ही फुगतात. शिकत असताना मी एकदा कानशिलावरच्या बीटाबद्दल सविस्तर टिपण लिहिले होते. शिकवणाऱ्यांनी ते वाचले, कच्ची नोंद उघडली, आणि विचारले, 'याचा दात दुखत होता का?' दुखत होता.

हृदय. ठरावीक अंतराने येणारे छोटे टोक, बहुधा कानाचा रेफरन्स वापरताना. नाडीच्या ठोक्याशी जुळवून पाहा. रक्तवाहिनीवर बसलेला एखादा इलेक्ट्रोड मात्र प्रत्येक ठोक्याला संथ हेलकावा देतो, आणि तोही मंद लहर म्हणून मोजला जातो.

इलेक्ट्रोडची उडी. एकाच जागी अचानक उभी चढण आणि हळूहळू उतार, शेजारी काहीच नाही. मेंदूतली लहर शेजारच्या जागांवर थोडी तरी पसरते. फक्त एकाच इलेक्ट्रोडवर दिसते ते सिद्ध होईपर्यंत यंत्राचे समजा.

म्यू लय. ही घुसखोर नाही, पण फसवते. सी३, सी४ वर कमानीसारखी, अल्फाच्याच वेगाची. डोळे उघडून ती जात नाही, हाताची मूठ आवळली किंवा नुसता तसा विचार केला तरी दबते.

तपासा: पानभर नोंद वाचून प्रत्येक संशयास्पद जागेपुढे एक शब्द लिहिता आला पाहिजे: पापणी, जबडा, घाम, पेंग, सैल. 'माहीत नाही' खूप झाले असतील तर नोंद दुसऱ्या जाणत्याला दाखवा. पुढे जाऊ नका.

## टप्पा ८: तुकडे निवडा

उघड्या डोळ्यांचे आणि मिटलेल्या डोळ्यांचे तुकडे वेगवेगळे ठेवा. ते एकत्र करून सरासरी काढलेला नकाशा कोणत्याच अवस्थेचा नसतो. डोळे मिटल्यावरचे पहिले एक-दोन सेकंद सोडून द्या. तेवढ्यात अल्फा क्षणभर तिच्या नेहमीच्या वेगापेक्षा जलद धावते.

प्रत्येक अवस्थेचा किमान एक मिनिट स्वच्छ भाग हवा, दोन-तीन मिळाले तर उत्तम. दोन सेकंदांचे तुकडे केले तर वारंवारिता अर्ध्या हर्ट्‌झच्या पायरीने वाचता येते, चार सेकंदांचे केले तर पाव हर्ट्‌झच्या.

उलट टोकाची चूकही होते. जिथे रेषा 'बरी दिसत नाही' तिथे कात्री चालवत गेले की फक्त गुळगुळीत अल्फा उरते आणि प्रत्येक माणूस सारखाच दिसू लागतो. कापायचे ते कारण देऊन कापा. 'मला आवडले नाही' हे कारण नाही.

आयसीए नावाची पद्धत पापणीचा अंश वेगळा करून वजा करते. पापणीसाठी ती चांगली आहे. पण १९ जागांच्या नोंदीतून १९च घटक निघतात, आणि एका घटकात पापणीबरोबर कपाळाजवळची खरी लहरही अडकू शकते. एक-दोन घटक काढा, आठ-दहा नको. काढण्यापूर्वीची फाइल जपून ठेवा.

तपासा: स्वच्छ तुकड्यांचे दोन भाग करा आणि दोन्हींचे गणित वेगवेगळे करून पाहा. बहुतेक सॉफ्टवेअर हा मेळ आकड्यात देतात. ०.९५ च्या वर असेल तर उत्तम, ०.९० च्या खाली असेल तर काहीतरी घुसले आहे किंवा माणूस मध्येच पेंगला आहे.

## टप्पा ९: रेफरन्स बदलून पाहा

व्होल्टेज म्हणजे दोन बिंदूंमधला फरक. दुसरा बिंदू कोणता धरला यावर नकाशा बदलतो, आणि हे न सांगितल्यानेच अर्धे वाद होतात. कान कानशिलाजवळ असतो, त्यामुळे तिथली लहर कानातही पोचते. मग कानशील खोटेच शांत दिसते आणि ती लहर इतर ठिकाणी वाटली जाते. सगळ्यांची सरासरी रेफरन्स म्हणून धरली तर एखादी मोठी पापणी किंवा एकच खराब इलेक्ट्रोड सर्व रेषांत उलटा होऊन उतरतो.

नियम एवढाच ठेवा: कानाच्या रेफरन्सने दिसलेली गोष्ट सरासरी रेफरन्सनेही दिसली तर तिच्यावर बोला. एकातच दिसली तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.

## टप्पा १०: आता नकाशा उघडा

प्रथम रंगपट्टी पाहा. लाल म्हणजे किती? काही सॉफ्टवेअर प्रत्येक नकाशातल्या सर्वांत मोठ्या आकड्याला आपोआप लाल रंग देतात. मग पूर्ण शांत नोंदीतही कुठेतरी लाल येणारच. दोन नकाशे शेजारी ठेवताना पट्टी सारखी नसेल तर तुलना थांबवा.

दुसरे, मोजमाप फक्त १९ बिंदूंवर झालेले असते. मधले सगळे रंग गणिताने भरलेले असतात. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये सुबक गोल डाग दिसला तरी तिथे कोणी काही मोजलेले नाही.

पट्टे साधारण असे: डेल्टा ०.५ ते ४ हर्ट्‌झ, थीटा ४ ते ८, अल्फा ८ ते १३, बीटा १३ ते ३०, त्यापुढे गॅमा. सीमा सॉफ्टवेअरनुसार थोड्या सरकतात. ज्याची अल्फा मुळातच साडेआठवर आहे त्याची अर्धी अल्फा थीटात मोजली जाते आणि रिपोर्ट 'थीटा वाढली' म्हणतो. म्हणून रंगांच्या आधी ओ१, ओ२ चा आलेख उघडा आणि अल्फाचे शिखर कुठे आहे ते पाहा. टाळूवरच्या गॅमाबद्दल मी सहसा बोलतच नाही, तिथे स्नायूंचीच गर्दी जास्त.

निरपेक्ष (प्रत्यक्ष मोजलेली) आणि सापेक्ष (एकूणातला वाटा) ताकद यांची गल्लत करू नका. निरपेक्ष ताकद कवटीच्या जाडीनेही बदलते. सापेक्ष ताकदीची बेरीज नेहमी १०० टक्के असते, त्यामुळे अल्फा वाढली की थीटा न बदलताही 'घटलेली' दिसते. दोन्ही पाने समोर ठेवून वाचा.

मग येतो झेड स्कोर, म्हणजे त्याच वयाच्या निरोगी लोकांच्या सरासरीपासून तुम्ही किती दूर आहात, ते प्रमाण विचलनाच्या (नेहमीच्या चढउताराच्या) पटीत. सगळा घोटाळा इथे होतो. १९ जागा आणि ५ पट्टे धरले तर ९५ आकडे तयार होतात. अगदी निरोगी माणसाचेही यांतले सरासरी चार-एक आकडे निव्वळ योगायोगाने ±२ च्या बाहेर जातात. शेजारच्या जागा एकमेकींशी बांधलेल्या असल्याने ते विखुरलेलेही नसतात, एकत्र येऊन छान डाग बनवतात. शिवाय सरासरीपासून दूर म्हणजे बिघाड, असे गणित कुठेच म्हणत नाही. सहा फूट उंची हीसुद्धा सरासरीपासून दूरच असते.

लाल डागाला हे पाच प्रश्न विचारा:

- कच्च्या नोंदीत तो डोळ्यांनी दिसतो का?
- शेजारच्या इलेक्ट्रोडवर त्याचा अंश आहे का?
- दोन्ही रेफरन्सनी दिसतो का?
- नोंदीच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागात, दोन्हींत आहे का?
- औषध, झोप, वय, जुनी शस्त्रक्रिया यांतून त्याचे उत्तर मिळते का?

पहिल्या चारांना 'हो' आणि पाचव्याला 'नाही' आले तरच पुढची चर्चा. कोहेरन्सचे, म्हणजे दोन जागा किती एकसूर आहेत याचे जाळे सर्वांत शेवटी पाहा. एकाच स्रोताची लहर दोन जवळच्या इलेक्ट्रोडवर पोचली तरी कोहेरन्स वाढतो, दोन भाग एकमेकांशी बोलत असल्याचा तो पुरावा नाही.

## टप्पा ११: टिपण लिहा आणि पुन्हा नोंद घ्या

टिपणात आधी काय दिसले ते लिहा, मग त्याचा संभाव्य अर्थ, आणि दोन्ही वेगळ्या परिच्छेदांत. 'डोळे मिटल्यावर अल्फाचे शिखर ९.५ हर्ट्‌झ, उघडल्यावर स्पष्ट दबते' हे दिसलेले. 'विश्रांतीत जागेपणाची पातळी स्थिर' हा अर्थ. 'रुग्ण चिंताग्रस्त आहे' हे नकाशावरून लिहायचे नाही, ते त्याच्याशी बोलून कळते.

ज्याच्या हातात रिपोर्ट येतो त्याने या गोष्टी मागून घ्याव्यात: किती मिनिटांचा स्वच्छ भाग वापरला, कोणता रेफरन्स, तुलना कोणत्या वयोगटाशी केली, कच्च्या नोंदीची निदान दोन पाने, आणि मूळ फाइल ईडीएफ स्वरूपात. ईडीएफ बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडते, त्यामुळे दुसरा वाचक ती स्वतःच्या पद्धतीने तपासू शकतो. केवळ रंगीत पीडीएफ मिळाला तर कोणालाही काही तपासता येत नाही.

पुन्हा नोंद घ्यायची असेल तर दिवसाची तीच वेळ, तेच यंत्र, तीच टोपी, तोच क्रम, झोप आणि कॅफिन तसेच. आणि पहिल्या भेटीत फीतीने घेतलेली दोन्ही मापे फाइलवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सीझेड त्याच जागी बसतो.